लॅपटॉपवर क्वांटम स्पिन लिक्विड: पेपर बाजूला ठेवा, आधी डालगं बघा

एमएस्सीची पोरं प्रोजेक्टच्या टायमाला मला गाठतात आणि एकच विचारतात, दादा क्वांटम स्पिन लिक्विडवर काहीतरी करायचंय, कुठनं सुरू करू. (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं बारकं चुंबक; ती चुंबकं कितीही थंड केली तरी ठरलेल्या रांगेत न बसता एकमेकांत गुंतून राहतात, ते क्वांटम स्पिन लिक्विड.) आणि बघतो तर मोबाईलमध्ये आधीच चाळीस पेपर उतरवलेले, टोपॉलॉजिकल ऑर्डर, गेज थिअरी, एनियॉन, सगळं, आणि दोन स्पिनची एनर्जी काढून दाखव म्हटलं की पोरगं छताकडं बघाय लागतं. म्हणून एकदाच लिहून टाकतो. लागणार काय तर पहिल्या वर्षाचं क्वांटम, कामापुरतं पायथन, आणि ८ जीबी रॅमचा कसलाही जुना लॅपटॉप. सुपरकॉम्प्युटर लागत नाही, पुण्या-मुंबईला जायला लागत नाही, राजारामपुरीत रूमवर बसून होतं.

आधी हे स्पिन आले कुठनं ते बघू, कारण इथं बरेच जण उडी मारतात. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, पण काही पदार्थांत एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन बसवायची किंमत इतकी मोठी असते की सगळे आपापल्या जागेवर अडकतात. त्या किमतीला यू म्हणायचं, उडी मारायच्या ताकदीला टी, आणि हे झालं हबर्ड मॉडेल. प्रत्येक जागी एकच इलेक्ट्रॉन आणि यू लई मोठा असला की वीज वाहत नाही, हा मॉट इन्सुलेटर, आणि "स्ट्राँगली कोरिलेटेड" म्हणतात ते ह्यालाच. इलेक्ट्रॉन हलत नाही पण त्याचा स्पिन जिवंत असतो, आणि शेजाऱ्याकडं चोरून जाऊन परत यायच्या धडपडीतनं दोन स्पिनमध्ये ताकद तयार होते, तिचं नाव जे, किंमत ४ गुणिले टी वर्ग भागिले यू. ही ताकद म्हणते शेजाऱ्याच्या उलटं तोंड कर. हे झालं हायझेनबर्ग मॉडेल, आपलं सगळं काम इथनं पुढं.

आता कागद घ्या. खरंच घ्या, लॅपटॉप बंद ठेवा.

दोन स्पिन. एकूण स्पिन शून्य म्हणजे सिंगलेट, एनर्जी उणे ०.७५ जे. एकूण स्पिन एक म्हणजे ट्रिपलेट, अधिक ०.२५ जे. हे पाठ पाहिजे, झोपेतनं उठवून विचारलं तरी. मग तीन स्पिन, त्रिकोणात, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडणी. एकूण स्पिनच्या वर्गावरनं सूत्र मांडलं की अर्ध्या पानात येतं, खालच्या चार अवस्था उणे ०.७५ वर आणि वरच्या चार अधिक ०.७५ वर. थांबा इथं जरा. तीन बाँड, म्हणजे जोडण्या, आहेत आणि एनर्जी मात्र एका बाँडएवढीच मिळाली! सगळे खूश झाले असते तर उणे २.२५ मिळायला पाहिजे होती.

हे कसं होतं ते कोल्हापूरच्या पोराला सांगायला लागत नाही खरं तर. शाहू स्टेडियमवर मॅच आहे, तीन पेठांचे तीन सपोर्टर आलेत, तिघांचंही एकमेकांशी पटत नाही आणि गॅलऱ्या आहेत दोनच. पहिला इकडं बसला, दुसरा तिकडं, तिसरा कुठंही बसला तरी एकाशी भांडण ठरलेलं. ह्यालाच फ्रस्ट्रेशन म्हणतात, दुसरं काही नाही. स्पिन फक्त वर किंवा खाली असा धरला, म्हणजे आयसिंग मॉडेल, तर अख्ख्या त्रिकोणी जाळीत असे तोडगे इतके निघतात की शून्य तापमानालासुद्धा एंट्रॉपी, म्हणजे किती तोडगे शक्य आहेत त्याचं माप, उरते. ग्रेगरी वानिये ह्या भौतिकशास्त्रज्ञानं हे १९५० मध्ये काढलं, दर स्पिनमागं ०.३२३ बोल्ट्झमन स्थिरांक. गंमत म्हणजे त्याच्या मूळ पेपरातला आकडा चुकला होता आणि दुरुस्ती छापून आली १९७३ मध्ये. तेव्हा तुमचा आकडा पहिल्या रात्री जुळला नाही तर लगेच विषय बदलू नका.

कागदावर आणखी एक करा, चार स्पिनचं कडं. उणे २ जे येतं. आलं? मग लॅपटॉप उघडा.

प्रोग्रॅमची युक्ती सोपी आहे. समजा आठ स्पिन, तर प्रत्येक अवस्था म्हणजे ० ते २५५ मधला एक पूर्णांक, बिट १ म्हणजे वर, ० म्हणजे खाली. बाँडची एक यादी करा, कोण कोणाचा शेजारी एवढंच. मग प्रत्येक अवस्था घ्या, तिच्यावर प्रत्येक बाँड घ्या, दोन्ही बिट सारखे असतील तर मॅट्रिक्सच्या कर्णावर पाव जे मिळवा, वेगळे असतील तर कर्णावरनं पाव जे वजा करा आणि दोन्ही बिट उलटवल्यावर जी अवस्था येते तिच्या खान्यात अर्धा जे टाका. संपलं. ह्याला एक्झॅक्ट डायगोनलायझेशन म्हणतात, नाव मोठं आहे फक्त. चार स्पिनच्या कड्याला उणे २, सहाला उणे २.८०२८, आठला उणे ३.६५११ आलं पाहिजे. कडं वाढवत गेलात की दर स्पिनमागं उणे ०.४४३१ कडं सरकतं, आणि हे बेथेच्या १९३१ च्या युक्तीनं आलेलं अचूक उत्तर आहे, पाव वजा लॉग दोन.

दोन स्पिनलाच उणे ३ आलं तर घाबरू नका, तुम्ही स्पिनच्या जागी पाउली मॅट्रिक्स घातल्यात, चारपट होतं. निम्मी पोरं इथंच अडकतात.

बारा स्पिनपर्यंत पूर्ण मॅट्रिक्स चालतं, ४०९६ बाय ४०९६, साधारण १३४ एमबी. सोळाला तेच मॅट्रिक्स ३४ जीबी मागतं आणि मशीन जागीच बसतं. म्हणून दोन गोष्टी करायच्या. पहिली, जेवढे वर तेवढेच खाली असल्याच अवस्था घ्यायच्या, सोळाच्या ६५,५३६ च्या १२,८७० होतात. दुसरी, शून्य नसलेले खानेच साठवायचे, म्हणजे स्पार्स मॅट्रिक्स, आणि सायपाय ह्या पायथनच्या लायब्ररीतल्या लँक्झॉसवाल्या फंक्शनला खालच्या चार-पाच एनर्जी मागायच्या, सगळ्या नको. ह्यानं २४ स्पिनपर्यंत जाता येतं, २७,०४,१५६ अवस्था. फक्त साध्या फॉर लूपनं करू नका, चहा पिऊन, रंकाळ्याला एक चक्कर मारून आलात तरी चालूच असतंय, नम्बा वापरा, पायथनचे लूप ते पळवतं. तयार पॅकेजही आहे, क्वस्पिन नावाचं, चांगलंय, पण एकदा तरी स्वतः लिहा.

आता पहिलं खरं मॉडेल. मजुमदार-घोष. चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष, १९६९, मुंबईचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), म्हणजे आपल्या राज्यातला माल आहे हा आणि जगभर पहिल्या धड्यात शिकवतात. साखळीत शेजाऱ्याशी जे आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी बरोबर अर्धा जे. एवढं जुळवलं की ग्राउंड स्टेट, म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीची अवस्था, अचूक सापडतो: पहिला-दुसरा सिंगलेट, तिसरा-चौथा सिंगलेट, असंच पुढं. किंवा एक घर सरकून दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा. दोनच तोडगे, दर स्पिनमागं उणे तीन अष्टमांश. पुरावा पण गोड आहे, सगळं हॅमिल्टोनियन, म्हणजे एनर्जीचं सूत्र, लागोपाठच्या तीन-तीन स्पिनच्या बेरजेच्या वर्गात मांडता येतं, आणि तीन स्पिनची बेरीज अर्ध्याच्या खाली जाऊच शकत नाही. करून बघा, पाच ओळी.

इथं माझी झालेली फजिती सांगतो. मी शहाणपणा करून चार स्पिनच्या कड्यावर तपासलं. उत्तर यायला पाहिजे उणे १.५, आलंही. मग यादी नीट बघितली तर पहिला-तिसरा बाँड दोनदा पडलेला, कारण चारच्या कड्यात पुढं दोन घरं गेलं काय आणि मागं दोन घरं गेलं काय, पोचतो तिथंच. म्हटलं बग सापडला, डबल काढून टाकले, तर उणे १.७५! दोन रात्री डोकं धरून बसलो, की थिअरम चुकीचं की मी. शेवटी कळलं, चारच्या कड्यावर पुराव्यातले तीन-तीनचे गट मोजले की पहिला-तिसरा तिथंही दोनदाच येतो, म्हणजे थिअरमला तो डबल बाँड पाहिजेच होता आणि मी तो काढून दुसरंच मॉडेल सोडवत बसलो होतो. तेव्हा आठ स्पिनवर तपासा, बरोबर उणे ३ जे येतं, आणि एकदा नाही, दोनदा येतं. आणि कुठल्याही जाळीवर प्रोग्रॅम चालवायच्या आधी बाँड मोजा. चौकोनी जाळीत स्पिनच्या दुप्पट, त्रिकोणीत तिप्पट, मधमाश्यांच्या पोळ्यासारखीत दीडपट, कागोमेत दुप्पट. हा एक नियम पाळलात तर तुमचे माझ्यासारखे दिवस जायचे नाहीत.

मजुमदार-घोष लिक्विड नाही मात्र, जोड्या ठरलेल्या आहेत, म्हणून त्याला व्हॅलन्स बाँड सॉलिड म्हणतात. लिक्विड म्हणजे काय हे मला तालमीत बसून सुचलं. हौद्यात जोडी लागलेली असते, प्रत्येकाला एक जोड. ठरलेल्याच जोड्या रोज लढल्या तर सॉलिड. पण समजा अशा सगळ्या शक्य जोडण्या एकाच वेळी हजर आहेत, हा त्याच्याशी पण आणि दुसऱ्याशी पण, कुठलीच एक जोडणी खरी नाही, सगळ्यांची मिळून एकच अवस्था आहे. इथं उपमा मोडते, कारण पैलवान आळीपाळीनं जोड बदलतात, आणि स्पिन बदलत नाहीत, ते सुपरपोझिशनमध्ये असतात, वेळेचा संबंध नाही. हा फरक व्हायव्हाला हमखास विचारतात. ही कल्पना फिलिप अँडरसन ह्या भौतिकशास्त्रज्ञाची, १९७३, नाव रेझोनेटिंग व्हॅलन्स बाँड. हाय टेम्परेचर सुपरकंडक्टर आल्यावर १९८७ ला तीच कल्पना त्यानं परत बाहेर काढली आणि त्या कामात आपल्याकडचे जी. बास्करन पण होते.

आणि हे पण माहीत असू द्या, अँडरसननं ज्या जाळीसाठी ही कल्पना मांडली, त्रिकोणी जाळी आणि फक्त शेजाऱ्याशी जे, तिथं ती लागू पडत नाही. नंतरच्या आकडेमोडीत दिसलं की तिथं स्पिन एकमेकांशी १२० अंशाचा कोन करून व्यवस्थित रांगेत बसतात. कल्पना टिकली, उदाहरण पडलं. त्रिकोण दिसला की लिक्विड असं लिहू नका, एवढंच.

मग अजून अवघड जाळी बघू. त्यासाठी बुरुडाच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा आणि कोंबड्या झाकायचं डालगं नीट बघा, विरळ विणीचं, मोठ्या षटकोनी भोकांचं. बांबूच्या कामट्या तीन दिशांनी जातात, जिथं दोन कामट्या एकमेकींवरनं जातात तिथं एक ठिपका धरा. प्रत्येक ठिपक्याला चार शेजारी, भोवती दोन छोटे त्रिकोण, आणि मध्ये मोठं षटकोन. झाली की कागोमे जाळी. शब्द जपानी आहे आणि अर्थ पण तोच, टोपलीची वीण. दोन त्रिकोण फक्त एका टोकाला भेटतात, बाजू कोणीच वाटून घेत नाही, त्यामुळं एका त्रिकोणानं काय ठरवलं ते दुसऱ्यावर फारसं लादता येत नाही, आणि म्हणूनच इथं रांग लागणं इतकं अवघड आहे. मी पोरांना वहीत काढायला लावत नाही, डालग्यावर खडूनं नंबर टाकायला लावतो. १२ स्पिनच्या तुकड्याला २४ बाँड आणि ८ त्रिकोण, कडा गुंडाळून घेतल्यावर. हातानं मोजा.

उत्तर तपासायला इथं छान कुंपण मिळतं. एक त्रिकोण उणे ०.७५ च्या खाली जात नाही हे आपण कागदावर काढलंय, आणि दर स्पिनमागं दोन तृतीयांश त्रिकोण, म्हणजे दर स्पिनमागं उणे ०.५ च्या खाली जाणं अशक्य. दुसरीकडं नुसत्या ठरलेल्या जोड्या लावल्या तरी उणे ०.३७५ मिळतंच. तुमचा आकडा ह्या दोघांच्या मध्ये पाहिजे. मोठ्या मोजणीत तो उणे ०.४३८ च्या आसपास येतो, १२ च्या तुकड्यावर थोडा आणखी खाली जाईल, छोट्या तुकड्याचा दोष तो. ३६ स्पिनला गेलात तर अवस्था होतात ९०७ कोटींच्या वर, नुसता एक व्हेक्टर ७२ जीबी, तिथं आपण हात जोडायचे. त्याच्या पुढं डीएमआरजी लागतं, कामाच्या अवस्था ठेवून बाकीच्या गाळायची स्टीव्हन व्हाइटची १९९२ ची पद्धत, आणि २०११ मध्ये यान, ह्यूस आणि व्हाइट यांनी त्यातनंच दाखवलं की कागोमेवर रांग नाही, जोड्यांचं सॉलिडही नाही, लिक्विड आहे. कुठल्या जातीचं लिक्विड, गॅप (सगळ्यात खालच्या आणि तिच्या वरच्या एनर्जीतलं अंतर) आहे की नाही, ह्यावर अजून भांडणं चालूच आहेत, आणि तुमच्या २४ स्पिननं ती मिटणार नाहीत, तेव्हा प्रोजेक्टच्या शेवटी तसा दावा करू नका. तुम्ही काय दाखवू शकता, तर एका स्पिनपासून लांब जाल तसं कोरिलेशन, म्हणजे एकाचं तोंड बघून दुसऱ्याचं सांगता येणं, किती झपाट्यानं मरतं. तोच ग्राफ त्रिकोणी जाळीसाठी शेजारी काढा, फरक डोळ्याला दिसतो.

क्वांटम मॉन्टे कार्लोनं, म्हणजे फासे टाकल्यासारखे नमुने घेऊन सरासरी काढून, का करत नाही असं कोणतरी विचारेलच. फ्रस्ट्रेशन असलं की तिथं वजनं उणे येतात, साइन प्रॉब्लेम, आणि आकडा गोंगाटात बुडतो. पार्टन, मीन फील्ड, वेनची २००२ ची सिमेट्रीवरनं लिक्विडांची वर्गवारी, हे सगळं पुढचं. त्याच्या आधी किटाएव्ह.

अलेक्सेई किटाएव्ह ह्या भौतिकशास्त्रज्ञाचं मॉडेल, २००६ चा पेपर, माझं सगळ्यात आवडतं, कारण इथं कष्ट कमी आणि फळ जास्त. जाळी पोळ्याची, प्रत्येक स्पिनला तीन शेजारी, आणि तीन दिशांच्या बाँडना वेगवेगळी मागणी: एक म्हणतो फक्त एक्स घटक बघ, दुसरा वाय, तिसरा झेड. एका स्पिनला तिन्ही एकदम खूश करता येत नाहीत, म्हणजे त्रिकोण नसून पण फ्रस्ट्रेशन. किटाएव्हनं प्रत्येक स्पिनचे चार मायोराना तुकडे (अर्ध्या इलेक्ट्रॉनसारखे कल्पित कण) केले, तीन बाँडमध्ये अडकून गोठतात आणि एक मोकळा फिरतो. त्यामुळं २ चा एन घात (एन म्हणजे स्पिन किती) असलेलं काम एका साध्या मॅट्रिक्सवर येतं.

तुम्ही करायचं एवढंच. जाळीच्या दोन उपजाळ्या करा, अ आणि ब. ओळी अ च्या, स्तंभ ब चे, जिथं बाँड तिथं १. त्या मॅट्रिक्सच्या सिंग्युलर व्हॅल्यू काढा, बेरीज करा, उणे लावा. ही ग्राउंड स्टेटची एनर्जी, पाउलीच्या मापात आणि जे १ धरून. ३० बाय ३० घरं, दर घरात दोन स्पिन, घेतली तर मॅट्रिक्स ९०० बाय ९०० आणि स्पिन १८००, काही सेकंदात उत्तर, दर घराला उणे १.५७४६ च्या जवळ. मघाशी २४ स्पिनला लॅपटॉपचा फॅन बोंबलत होता, आता अठराशे! आणि गंमत बघा, एखादा माणूस डोळे बांधून कुठल्याही दिशेला एकेक पाऊल अशी तीन पावलं टाकत गेला तर तो सुरुवातीपासून सरासरी १.५७४६ पावलं लांब जातो, हा तोच आकडा आहे. योगायोग नाही, तीन दिशांच्या तीन फेजची बेरीज दोन्हीकडं तीच आहे.

मग त्या मॅट्रिक्समधल्या एकाच १ चा उणे १ करा. त्या बाँडच्या दोन्ही बाजूच्या षटकोनांत फ्लक्स, म्हणजे अडकलेल्या भोवऱ्यासारखं काहीतरी, तयार होतो आणि एनर्जी सुमारे ०.२६ नं वाढते. फ्लक्स नसलेली स्थितीच सगळ्यात खाली हे एलियट लीबच्या १९९४ च्या थिअरममधनं येतं, तुम्ही ते आत्ता स्वतः तपासलं. पुढं दोन फ्लक्समधलं अंतर वाढवायचं असेल तर त्यांच्या मधले बाँड ओळीनं उलटवत जा, आणि अंतराप्रमाणं एनर्जी कशी बदलते तो ग्राफ काढा. प्रोजेक्टचा अर्धा चॅप्टर तिथंच झाला. ह्या मॉडेलमध्ये स्पिनचं कोरिलेशन शेजाऱ्याच्या पलीकडं अचूक शून्य असतं, हे बास्करन, मंडल आणि शंकर यांनी २००७ मध्ये चेन्नईतनं दाखवलं, त्यांचा पेपर छोटा आहे, हा मात्र वाचाच.

राहिले पदार्थ. जॅकेली आणि खालिउलिन यांनी २००९ मध्ये सांगितलं की स्पिन-ऑर्बिट, म्हणजे स्पिनची आणि इलेक्ट्रॉनच्या फिरण्याची जोडणी, जोरात असलेल्या काही मॉट इन्सुलेटरमध्ये किटाएव्हची मागणी आपोआप तयार होते, आणि सोडियम इरिडेट, अल्फा रुथेनियम क्लोराइड यांच्यामागं सगळे लागले. पण दोन्हीत शेवटी रांग लागतेच, रुथेनियमवाल्यात साधारण ७ केल्विनला, कारण किटाएव्हबरोबर हायझेनबर्ग आणि बाकीचे भाग पण येतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये किटाएव्हला थोडं हायझेनबर्ग मिसळून बघा, लिक्विड किती लवकर मोडतं ते कळेल. कागोमेचा पदार्थ म्हणजे हर्बर्टस्मिथाइट, तांब्याचं हिरवं खनिज, २००५ मध्ये लॅबमध्ये शुद्ध बनवलं. आपसातली ताकद २०० केल्विनच्या घरातली आणि ०.०५ केल्विनपर्यंत रांगेचा पत्ता नाही. मस्त वाटतं, पण जस्ताच्या जागी थोडं तांबं जाऊन बसतं आणि मग गडबड खरी लिक्विडची की त्या घुसखोर तांब्याची हे वेगळं काढणं महाकठीण. तेव्हा रिपोर्टमध्ये "रांग दिसली नाही म्हणून स्पिन लिक्विड" हे वाक्य असलं तर मी पेननं खोडतो. रांग नसायची शंभर कारणं असतात, नुसता कचरा पण त्यातलंच एक.

येताना बाँडची यादी छापून आणा, मोबाईलवर दाखवू नका, आणि आठ स्पिनचा उणे ३ दोनदा आलेला आउटपुट वर लावा. बाकी मग बसून बघू.